मुलांना ध्येय ठरवायला लावायचं का? आणि कितव्या वर्षापासून?

मुग्धा_ठाणे
लेक चौथीत आहे. शाळेने जूनमध्ये एक कागद घरी पाठवला, वर रॉकेटचं चित्र आणि खाली तीन रिकाम्या ओळी, 'या वर्षीचं माझं ध्येय'. मुलांनी स्वतः भरायचं, पालकांनी सही करून परत पाठवायचं. लेकीने लिहिलं, १) पहिला नंबर २) अक्षर सुंदर ३) कोणाशी भांडणार नाही. मी सही केली, कागद गेला, आणि तेव्हापासून त्या कागदाचं नाव ना शाळेने काढलं ना तिने.
सासूबाई म्हणतात की असली थेरं कशाला, अभ्यासाला बस म्हटलं की बसतात मुलं. नवरा कंपनीत वर्षाला तीनदा हेच करतो (टार्गेट, रिव्ह्यू, अप्रेझल) त्यामुळे त्याला लहान मुलांच्या बाबतीत तो शब्दही नको आहे. मला मात्र उत्सुकता आहे. ध्येय ठरवण्याने मुलांच्या विचार करण्यात, शिकण्यात खरंच काही फरक पडतो का? कुठल्या वयात? आणि आईबापांनी त्यात किती नाक खुपसायचं? अनुभव लिहा प्लीज.

टवाळ_कार्टं
तिसरं ध्येय सगळ्यात अवघड आहे. या साइटवर अजून कोणालाही जमलेलं नाही.

सुलभा_जोशी
टवाळ, 😂 पहिल्याच प्रतिसादात धागा भरकटवलास.
मुग्धा, आमच्याकडेही असला कागद आला होता. माझ्या मुलाने लिहिलं 'मला यूट्यूबर व्हायचंय'. बाईंनी लाल पेनाने खोडून 'डॉक्टर' केलं!! स्वतः भरायचं म्हणे.

निरंजन७
मुग्धा, फरक पडतो, पण कसलं ध्येय यावर सगळं अवलंबून आहे. एक जुना प्रयोग सांगतो, कारण तो तुझ्या लेकीच्या वयाच्या मुलांवरच झालाय. आल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक हे मानसशास्त्रज्ञ, १९८१. सात ते दहा वर्षांची मुलं, वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली. सगळ्यांना तीच पुस्तिका दिली, आपली आपण सोडवायची, एकूण सात बैठका. काही मुलांना सांगितलं की दर बैठकीत साधारण सहा पानं करायचं बघा. काहींना सांगितलं की सातव्या बैठकीच्या शेवटी ४२ पानं व्हायला हवीत. काहींना नुसतं 'करा'. हिशोब केला तर पहिल्या दोन गटांचं काम सारखंच आहे, सहा सत्ते बेचाळीस. पण सहा-सहा पानांवाली मुलं खूप पुढे गेली, आणि ४२ पानांवाल्यांना ध्येय नसलेल्यांपेक्षा काही विशेष फायदा झालाच नाही. मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. नंतर कोणी सांगितलेलं नसताना, वेळ मोकळा असताना, आपणहून वजाबाकी करत बसायची ती हीच जवळच्या ध्येयाची मुलं.
कारण साधं आहे. दर बैठकीला 'जमलं' हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. 'मला गणित येतं' असं त्याला वाटायला लागतं ते त्यातून, आपण पाठ थोपटली म्हणून नाही. वर्षभराचा रॉकेटवाला कागद म्हणजे ४२ पानं. जूनमध्ये लिहायचं, एप्रिलमध्ये कळणार, मधल्या काळात मुलाने डोक्याने करायचं काय?

यशपथ_प्रशिक्षक
अत्यंत महत्त्वाचा विषय. १९५३ साली येल विद्यापीठात फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त भरली! म्हणून मी माझ्या प्रत्येक कार्यशाळेत मुलांना ध्येय कागदावर लिहायलाच लावतो.

निरंजन७
यशपथ साहेब, तो अभ्यास झालेलाच नाही. येलमध्ये शोधाशोध झाली, १९५३च्या बॅचचे लोकही विचारून झाले, कोणालाच असलं काही आठवेना. १९९६ मध्ये एका अमेरिकन मासिकाने हे छापलंय. भाषण देणारे एकमेकांचं ऐकून सांगत राहिले, बस. कधी येल असतं, कधी हार्वर्ड.

टवाळ_कार्टं
पण ३ टक्के मात्र तेच राहतात. ही खरी सातत्याची शिकवण.

यशपथ_प्रशिक्षक
अभ्यास झाला असो वा नसो, संदेश महत्त्वाचा आहे.

शर्वाणी
😶
विषयावर येते. मुलगा नऊ वर्षांचा, तबला शिकतो. क्लासमधले बहुतेक पालक 'यंदा प्रारंभिक, पुढच्या वर्षी प्रवेशिका' असं गांधर्वच्या परीक्षांच्या भाषेत बोलतात आणि मुलंही तेच बोलतात. आमचे सर मात्र दर आठवड्याला मुलालाच विचारतात, या आठवड्यात काय ऐकू यायला पाहिजे? सध्या धाधा तिट धाधा तिंना हा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) चालू आहे. लय जरा वाढवली की त्याचा 'तिट' बसून जातो, 'ट' ऐकूच येत नाही. तर त्याचं ध्येय काय, 'तिटमधला ट खोलीबाहेर आजीला ऐकू आला पाहिजे'. हे त्याने ठरवलंय. मग तो आपोआप लय कमी करतो, दोनचार वेळा नुसतं तिट तिट वाजवतो, बोटं कशी पडतायत ते खाली मान घालून बघतो आणि ओरडतो "आजीऽ आला काऽ?" आजी टीव्ही म्यूट करून निवाडा देते.
याआधी त्याला 'अर्धा तास रियाज' असं सांगितलेलं असायचं. तेव्हा तो घड्याळाकडे बघायचा.

मिनेसोटाचा_मावळा
शर्वाणी, घड्याळाकडे बघण्यावरून आठवलं. इथे अमेरिकेत शाळेतून वाचनाची लॉगशीट येते, रोज २० मिनिटं वाचायचं आणि आईबापांनी सही करायची. त्यावर कडी म्हणजे पुस्तकामागे पॉइंट आणि पॉइंटावर बक्षीस. आमच्या पोराने काय केलं तर कमी पानांची जास्त पॉइंटवाली पुस्तकं शोधून काढली, त्यात भलताच हुशार निघाला, पण आवडीची जाडी ड्रॅगनची पुस्तकं मात्र बंद. ध्येय पूर्ण झालं हो, दर महिन्याला सर्टिफिकेट आहे भिंतीवर. वाचन गेलं.
रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवतो, तिथे आम्ही बक्षीस बंद केलंय. मूल ठरवतं, 'या महिन्यात आजीशी फोनवर इंग्लिश न घुसडता काय सांगायचं'. एका मुलीने ठरवलं की स्नो पडल्यावर गाडी कशी उकरून काढतात ते सांगणार. त्यासाठी लागणारे शब्द ती आम्हाला विचारत सुटली, 'फावडं' शब्दावर तर इतकी खूश झाली की विचारू नका.

निरंजन७
मावळा, १९७३चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग अगदी हेच सांगतो. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल. थोड्या दिवसांनी बघितलं तर त्या मुलांचं आपणहून चित्रं काढणं साधारण निम्म्यावर आलेलं. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट मिळालं त्यांची आवड कमी झाली नव्हती.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या पोट्ट्यानं ध्येय लिहिलं 'रोज पाचला उठणार'. उठते बी. बाकी घर उठवते अन् साडेपाचला सोफ्यावर झोपून जाते. काय करू आता?

आप्पा_दादर
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी सत्तरीचा माणूस. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची, मग काही वर्षे ती पाचवी-आठवीला गेली. आमचे मास्तर संध्याकाळी शाळेतच बसवून घेत, कंदील स्वतः आणत. आम्हाला कोणी ध्येय विचारले नाही. मास्तर सांगतील ते करायचे. त्यातून कितीतरी मुले वर आली. आज मुलाला सगळे विचारायचे, तुझे ध्येय काय, तुला काय वाटते, तुला कसे वाटले. नऊ वर्षांच्या पोराला काय कळते हो? ठरवणे हे मोठ्यांचे काम आहे. मुलाने मोकळे खेळावे.

सुलभा_जोशी
आप्पा काका, मोकळं खेळावं याला शंभर टक्के अनुमोदन. पण वर न आलेली मुलं कुठे गेली ते मास्तरांनाही माहीत नसेल.

झेडपी_गुरुजी
आप्पा, नमस्कार. तुमच्या मास्तरांसारख्यांनीच आम्हाला घडवलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाद नाही. पण ते मास्तर प्रत्येकाला तेच सांगत नसणार. कोणाला कुठे अडलंय ते त्यांना माहीत असायचं. ध्येय होतंच, फक्त ते मास्तरांच्या डोक्यात होतं. मुलाच्या डोक्यात गेलं तर मास्तर नसतानाही उपयोगी पडतं एवढंच म्हणणं आहे.

मी द्विशिक्षकी शाळेवर आहे, तिसरी-चौथी एकत्र बसते. आम्हाला वरून ध्येयांची कमी नाही बघा. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं. चांगलंच आहे. पण ते माझं ध्येय आहे, शासनाचं आहे. मुलाच्या पातळीवर त्याचा अर्थ काय ते आम्हालाच बसून काढावं लागतं. तक्ते रंगवून भिंतीवर लावले की ते होत नाही.

आता खरं उदाहरण देतो. एक पोरगा आहे, ५२ वजा २७ लिहिलं की उत्तर ३५. नेहमी. का, तर तो सातातून दोन काढतो, मोठ्यातून लहान, मग पाचातून दोन. डोकं चालतं त्याचं, नियम स्वतः तयार केलाय, फक्त चुकीचा आहे. त्याला 'रोज दहा वजाबाक्या' हे ध्येय दिलं असतं तर रोज दहा वेळा तीच चूक पक्की झाली असती. आम्ही ठरवलं असं की गणित सोडवायच्या आधी नुसतं बघायचं, वरचे सुटे (एकक) पुरतायत का. पुरत असतील तर टिंब, नसतील तर त्रिकोण. उत्तर काढायचंच नाही अजून. सगळ्या पानावर आधी टिंबं आणि त्रिकोण. मग त्याला विचारलं, आज कितीपैकी किती त्रिकोण बरोबर ओळखणार? तो म्हणाला, सगळे. म्हटलं बघ हं. मग म्हणाला "आठ, गुरुजी".
हे 'आठ' मला महत्त्वाचं वाटतं. त्याने स्वतःचा अंदाज केला. नंतर तपासलं तर सहा निघाले, आणि कुठले दोन हुकले ते बघायला तो स्वतः वाकला, मी सांगितलं नाही. त्यातल्या एकात वर शून्य होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, आज शून्यवाले बघतो.
आप्पा, नऊ वर्षांच्या पोराला आयुष्याचं ध्येय कळत नाही हे मान्य. पण आज आपल्याला काय येत नाही हे कळतं, विचारलं तर.

शर्वाणी
गुरुजी 🙏 टिंब-त्रिकोण उद्याच घरी करून बघते.

टवाळ_कार्टं
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, ठेवून दिलं.

आप्पा_दादर
गुरुजी, उत्तम. तरीही ठरवून तुम्हीच दिलेत. त्रिकोण त्याला सुचला नव्हता.

झेडपी_गुरुजी
बरोबर आहे. पद्धत माझी, आकडा त्याचा.

भूमिती_मावशी
मी थोडा वेगळा सूर लावते. आठवी-नववीचं गणित घेते घरी. ध्येय डोक्यात ठेवून काम केल्याने कधीकधी शिकणं कमी होतं, हे मी रोज बघते आणि त्यावर अभ्यासही आहे. जॉन स्वेलर नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात बरंच काम केलं. नेहमीचं गणित काय असतं, आकृती देतात आणि 'कोन क काढा'. मूल काय करतं, क वर नजर लावून उलट्या दिशेने मागे मागे येतं, क साठी ख हवा, ख साठी ग हवा, हे सगळं डोक्यात धरून ठेवताना डोकं भरून जातं. उत्तर येतं पण आकृतीतलं नातं लक्षात राहत नाही. तीच आकृती देऊन 'जेवढे कोन काढता येतील तेवढे काढा' असं सांगितलं तर मुलं जास्त शिकतात. मी हे कायम करते. एक मुलगा, शाळेत प्रमेय पाठ, पण आकृती जरा फिरवून दिली की गप्प. त्याला म्हटलं कुठलाही कोन काढ, तुला वाटेल तो. पहिल्यांदा त्याला पटेचना, "पण विचारलंय काय?" असं तीनतीनदा. मग सुरू झाला. समांतर रेषांमधल्या व्युत्क्रम कोनांची जोडी त्याला स्वतःला सापडली, आणि मग त्याच आकृतीत अजून एक जोडी आहे म्हणून मलाच दाखवायला लागला.
तेव्हा सगळीकडे ध्येय ध्येय नको.

निरंजन७
मावशी, मस्त मुद्दा. आणि हे फक्त भूमितीत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम, ज्यांनी 'नेमकं आणि अवघड ध्येय हे "जमेल तेवढं कर" पेक्षा बरं' हे मोठ्या माणसांवर कित्येकदा दाखवलं, त्यांच्याच सिद्धांतावर हा आक्षेप आला. १९८९ मध्ये कॅनफर आणि अकरमन यांनी अमेरिकन हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना कंप्युटरवर विमानं उतरवायचं काम दिलं. काम अगदी नवीन असताना 'इतकी विमानं उतरव' असा आकडा दिला तर कामगिरी बिघडली. हात बसल्यावर आकडा दिला तर फायदा झाला. म्हणजे नवीन काही शिकताना आकड्याचं ओझं नको, तेव्हा 'हे करायच्या दोन पद्धती शोध' असलं ध्येय चालतं. गुरुजींचे त्रिकोण त्यातच बसतात, उत्तराचा आकडा नव्हताच तो, ओळखण्याचा होता.

यशपथ_प्रशिक्षक
मी तर म्हणेन मुलांनी डोळे मिटून यशाचं चित्र रोज बघावं. पहिला नंबर, हातात ट्रॉफी.

बांद्याची_सुगरण
यशपथ, माझ्या अनुभवात उलटं होतं. धाकट्याला लक्ष टिकवायचा त्रास आहे, डॉक्टरांकडे चालू आहे त्याचं. त्याला ट्रॉफीचं चित्र फार छान रंगवता येतं डोक्यात, आणि ते रंगवून झालं की तो खूश, काम झाल्यासारखा. आमच्या समुपदेशक बाईंनी गाब्रिएले ओटिंगेन यांची पद्धत शिकवली. काय हवंय ते बोल, ते झालं तर कसं वाटेल ते बोल, आणि लगेच पुढचा प्रश्न, तुझ्यातलं काय आडवं येतं? मग जर-तर, म्हणजे ते आडवं आलं तर काय करायचं ते आधीच ठरवायचं. हे पाचवीच्या मुलांवर करून बघितलंय म्हणे अमेरिकेत, आणि त्यांचे मार्क, हजेरी, वागणूक तिन्ही सुधारलं.
आमच्याकडे प्रत्यक्षात काय झालं सांगते. त्याला हवं होतं, गृहपाठ संपवून साडेसहाला क्रिकेटला जाणं. आडवं काय येतं विचारलं तर मला वाटलं म्हणेल मोबाइल. म्हणाला, "पेन्सिल शोधायला उठतो आणि मग विसरतो." खरंच तसंच होतं! मी वर्षभर मोबाइलवरून ओरडत होते. मग त्याचं जर-तर, 'दप्तर उघडलं की आधी तीन पेन्सिली टेबलावर'. एवढंच. सगळं सुधारलं असं नाही, अजूनही जेवणाच्या ताटावरून उठून जातो, पण गृहपाठाला बसल्यावर निदान बसलेला असतो.

सुलभा_जोशी
पेन्सिल!! माझ्या घरी पण तपासायला हवं.

वऱ्हाडी_ठेचा
माझ्या प्रश्नाचं कोणी उत्तर देईन का? पोट्टं आज बी पाचला उठलं.

भूमिती_मावशी
ठेचा भाऊ, तुमचं पोरगं ठरवलेलं तंतोतंत करतंय, पाचला उठणार म्हणाला, उठला. उठून काय करायचं ते लिहायचं राहिलंय. विचारा त्यालाच.

मुग्धा_ठाणे
सगळ्यांचे आभार, दोन दिवस वाचतेच आहे नुसती. काल लेकीला विचारलं, पहिला नंबर यायला तू काय करणार आहेस? म्हणाली "अन्वी आजारी पडायला पाहिजे." मी हसू दाबलं. पण खरंच, नंबर काढायला तिच्या हातात दुसरं काय आहे?
मग अक्षराबद्दल विचारलं. तर म्हणे, माझं अक्षर छानच आहे, फक्त पान संपत आलं की बिघडतं. हे मला माहीतच नव्हतं, मी वही उघडली तर खरंच, वरच्या पाचसहा ओळी मोत्यासारख्या आणि खाली खाली उतरतं. हात दुखतो म्हणाली. पेन्सिल इतकी घट्ट धरते की बोटाला वळ. तिने ठरवलंय की अर्धं पान झालं की पेन्सिल ठेवून हात झटकायचा आणि शेवटची ओळ पहिलीसारखी येते का बघायचं. मी काही बोलले नाही, नुसतं हो म्हटलं. निरंजन, हे चालेल ना?

निरंजन७
पळेल. दर आठवड्याला एकदा तिला वही घेऊन बसू दे, पहिली ओळ आणि शेवटची ओळ, तिनेच बघायची. तू बघायची नाहीस 😀 नवीन शैक्षणिक धोरणात, २०२०च्या, प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं असं लिहिलंय, ते बहुतेक शाळांत हसऱ्या-रडक्या चेहऱ्यावर टिक करण्यापुरतं उरतं. तुम्ही घरी खरंखुरं करताय.

आप्पा_दादर
वयाचा प्रश्न राहिला. गुरुजी सांगतील का, किती लहान मुलाला हे जमते?

झेडपी_गुरुजी
आप्पा, पहिली-दुसरीला फार तर 'आता या तासात काय करणार' एवढंच, आणि तेही बोलून, लिहून नाही. तिसरी-चौथीला आठवड्याचं झेपतं, पण मधे आठवण करून द्यावी लागते. वर्षाचं मी कोणाला विचारत नाही. पुढचं बघून आखणी करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटते म्हणतात.

टवाळ_कार्टं
म्हणजे आमच्या मॅनेजरचा अजून व्हायचाय.

आप्पा_दादर
गुरुजी, पटले. नातवाला पत्ते शिकवतोय, आज विचारले, या डावात काय करणार? म्हणाला, आबा तुमचा हुकूम आधी काढून घेणार. काढला की हो.

रात्रपाळी_नर्स
उशिरा आले धाग्यावर. मुलगा दहावीत, त्याचं ध्येय 'दहावी संपवणे' असं एका ओळीचं आहे आणि तो त्यावर ठाम आहे. यातलं काही चालेल का त्याला?

भूमिती_मावशी
चालेल की. बोर्डाची तारीख म्हणजे ती ४२ पानंच आहेत. त्याला विचार, भूमितीतलं कुठलं प्रकरण उघडलं की पोटात गोळा येतो? ते एकच घे म्हणावं या आठवड्याला, त्यातल्याही फक्त आकृत्या काढायच्या. उत्तर वर्तुळ किंवा समरूपता असं येईल, पैज लावते. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, माझ्याकडे दोन्हीच्या नुसत्या आकृत्यांच्या शीट आहेत, प्रश्न न लिहिलेल्या.

रात्रपाळी_नर्स
समरूपता. झोपेत विचारलं तरी तेच म्हणाला. व्यनि केलाय.